कलेचा कारभार शिकायचा तर

"मुलीला नाटकाचं वेड आहे, पण स्टेजवर जायचं नाही म्हणते. नाटक उभं करायचंय म्हणते. अशी काही पदवी असते का?" बारावीच्या निकालानंतर पालक हे विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात आणखी दोन प्रश्न असतात. अशी पदवी असलीच, तर तीन-चार वर्षं शिकवण्यासारखं त्यात असतं तरी काय? आणि तारखा मिळवणं, तिकिटं खपवणं, दौऱ्याची बस ठरवणं ही कामं माणूस करता करता शिकतो. त्याला कॉलेज कशाला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पदवी असते. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा इथे कला व्यवस्थापन हा शाळा संपल्यावर थेट निवडता येणारा विषय आहे. आपल्याकडे ती वाट अजून अरुंद आहे. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी मात्र थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

१. राजे गेले आणि तिकीट आलं

१८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगवलं. आश्रय होता सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा. नाटक कसं करायचं एवढीच भाव्यांची चिंता होती. पैसा कुठून येणार ही नव्हती. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि आश्रय संपला. नाटक बसलेलं होतं, माणसं तयार झालेली होती, पण त्यांना पोसणारं कोणी उरलं नाही. भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले.

या दहा वर्षांत भाव्यांपुढचे प्रश्न कसे बदलले ते पाहा. कोणत्या गावी आधी जायचं? तिथे खेळाला जागा कोण देईल? दर किती ठेवायचा? पावसाने खेळ बुडाला तर मंडळींच्या जेवणाचं काय? यातल्या एकाही प्रश्नाचा संबंध अभिनयाशी नाही, आणि यातला एकही सुटला नाही तर अभिनय कोणाला दिसणार नाही. या प्रश्नांचा अभ्यास म्हणजे कला व्यवस्थापन.

कलेत पैसा तीन दारांनी येतो. पहिलं दार प्रेक्षकाचं. तो आपलं तिकीट काढतो. दुसरं दार अख्खा प्रयोग विकत घेणाऱ्याचं. नाटकाच्या धंद्यात अशा व्यवहाराला कंत्राट म्हणतात, तमाशात सुपारी. गावोगावच्या जत्रांचा हंगाम आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावचे पुढारी तिथे येऊन फड ठरवतात आणि सुपारी देतात. तिथे फडमालकाला एकेक तिकीट विकायचं नसतं. त्याला यात्रा कमिटीचं मन वळवायचं असतं. तिसरं दार परतफेडीची अपेक्षा न ठेवता देणाऱ्याचं. काल तो राजा होता. आज सरकारी अनुदान, देणगीदार किंवा कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी आहे.

तिन्ही दारांवरच्या माणसांना वेगवेगळं काहीतरी हवं असतं. प्रेक्षकाला संध्याकाळ चांगली जायला हवी, यात्रा कमिटीला गावात नाव हवं, अनुदान देणाऱ्याला अहवाल हवा. आपली संस्था मुख्यतः कोणत्या दाराने जगते हे ज्याला ठाऊक नाही, तो प्रेक्षकासाठी केलेलं नाटक अनुदान समितीला विकायला जातो आणि दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततो.

२. साबणाचे नियम इथे का चालत नाहीत

मग बी.कॉम. किंवा एम.बी.ए. पुरे नाही का? बरंचसं पुरतं. जमाखर्च, करार, जाहिरात हे सगळीकडे सारखंच. पण दोन ठिकाणी कलेचा धंदा इतर धंद्यांपासून फुटतो.

पहिली गोष्ट म्हणजे माल साठवता येत नाही. साबणाची वडी आज खपली नाही तर उद्या खपेल. रविवारी दुपारी चारच्या प्रयोगातली रिकामी खुर्ची म्हणजे सुटलेल्या एसटीतली रिकामी सीट. ती पुन्हा कधीच विकता येत नाही. त्यामुळे कलेच्या कारभारात तारीख ही मालमत्ता असते. शनिवार-रविवारच्या तारखांसाठी निर्माते धडपडतात ते याचसाठी. तेच नाटक, तेच नट, पण मंगळवारी रात्री त्याची किंमत वेगळी होते.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. १९६६ मध्ये विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या प्रिन्स्टनच्या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या नाट्यसंस्था, वाद्यवृंद, ऑपेरा आणि नृत्यसंस्था यांच्या हिशेबांवर एक ग्रंथ लिहिला. प्रेक्षक येतात, कलावंत मेहनती आहेत, तरी या संस्था सतत पैशाच्या अडचणीत का असतात, असा त्यांचा प्रश्न होता.

त्यांचं उत्तर असं. कापड गिरणीत यंत्रं सुधारली की तेवढेच कामगार जास्त कापड काढतात. त्यामुळे कामगाराचा पगार वाढला तरी कापड त्या प्रमाणात महागत नाही. पण बेथोवनची चार वाद्यांची रचना दोनशे वर्षांपूर्वी चार वादक लागून जितक्या मिनिटांत वाजायची, तितक्याच मिनिटांत आणि तितक्याच वादकांकडून ती आजही वाजते. आपल्याकडे पाहायचं तर विलंबित ख्याल घाईने आटोपला म्हणून गवयाचं उत्पादन वाढलं असं कोणी म्हणणार नाही; त्याने गाणं बिघडवलं असंच म्हणेल. मात्र गवयाला, नटाला, प्रकाशयोजनाकाराला राहायचं असतं याच शहरात, याच भाड्यात. बाकीच्यांचे पगार वाढले की त्यांचं मानधनही वाढवावं लागतं, नाहीतर ते दुसरीकडे जातात. म्हणजे उत्पादन तेवढंच राहतं आणि खर्च मात्र चढत जातो. त्याच वेगाने तिकीट वाढवलं तर सामान्य प्रेक्षक तुटतो.

सगळ्या अभ्यासक्रमात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही कल्पना. कारण ती समजली नाही की माणूस दोष भलतीकडे शोधतो. कोणी म्हणतो प्रेक्षकांची अभिरुचीच घसरली, कोणी म्हणतो निर्माताच चोर. तोट्याचा काही भाग गैरकारभाराचा असतो, हे खरं. पण काही भाग जिवंत कलेच्या घडणीतच असतो, आणि तो कोणीतरी, कुठल्यातरी दाराने भरून काढावाच लागतो. ब्रिटनमध्ये १९४६ मध्ये आर्ट्स कौन्सिल उभं राहिलं, त्याची आखणी जॉन मेनार्ड केन्स या अर्थतज्ज्ञाने केली होती. पैसा सरकारने द्यायचा, पण कोणतं नाटक करायचं ते सरकारने ठरवायचं नाही, हे तिथलं सूत्र. ते सूत्र कुठे पाळलं गेलं आणि कुठे मोडलं हा या पदवीतला एक मोठा आणि वादाचा विषय आहे.

३. एका नाटकाचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. पुढचे आकडे गणितासाठी मानलेले आहेत.

समजा नाट्यगृहात ९०० खुर्च्या आहेत. पुढच्या २०० खुर्च्या ५०० रुपयांच्या, मधल्या ३०० खुर्च्या ४०० च्या, उरलेल्या ४०० खुर्च्या ३०० च्या. हाऊसफुल्ल झालं तर गल्ला १ लाख, १ लाख २० हजार आणि १ लाख २० हजार, एकूण ३ लाख ४० हजार.

एका प्रयोगाचा खर्च असा धरू: नाट्यगृहाचं भाडं २० हजार, नटांची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, ४५ हजार, बॅकस्टेजची मंडळी १२ हजार, प्रकाश आणि ध्वनी १० हजार, टेम्पो-बस ८ हजार, लेखक-दिग्दर्शकांचं मानधन १० हजार, जाहिरात ४० हजार. बेरीज १ लाख ४५ हजार. शिवाय नाटक उभं करताना नेपथ्य, कपडे, तालमी, संगीत यांवर १२ लाख आधीच गेलेत असं समजा.

आता सगळ्या दरांच्या खुर्च्या सारख्याच प्रमाणात भरतात असं मानू. सरासरी ६० टक्के खुर्च्या भरल्या तर गल्ला २ लाख ४ हजार. प्रयोगाचा खर्च वजा जाता ५९ हजार उरतात. या वेगाने १२ लाख वसूल व्हायला २१ प्रयोग लागतील. ५० टक्के भरल्या तर उरतात २५ हजार, आणि लागतात ४८ प्रयोग. ४० टक्क्यांवर आलं तर प्रत्येक प्रयोगाला ९ हजारांचा खड्डा. तिथे प्रयोगांची संख्या वाढवणं म्हणजे खड्डा मोठा करणं.

९०० खुर्च्यांत १० टक्के म्हणजे ९० माणसं. ही ९० माणसं आली तर नाटक २१ प्रयोगांत मोकळं होतं, न आली तर ४८ लागतात. म्हणून व्यवस्थापक ज्या प्रश्नाशी झगडतो तो "प्रेक्षक कसे आणू" इतका मोघम नसतो. जाहिरातीचे ४० हजार या ९० माणसांपर्यंत पोचतात का? की तेच पैसे चार कंपन्यांच्या कर्मचारी संघटनांशी बोलून, शाळा-कॉलेजांना गटाने सवलत देऊन जास्त कामाला येतील? एखादं कंत्राट १ लाख ८० हजारांना मिळालं तर घ्यावं का? घ्यावं, हातात ३५ हजार येतील आणि गर्दीची जोखीम दुसऱ्याची. पण सगळेच प्रयोग कंत्राटात दिले तर नाटक तुफान चालल्यावरचा नफाही दुसऱ्याचाच.

जाहिरातीत 'सूत्रधार' म्हणून ज्याचं नाव छापलं जातं, तो अनुभवी माणूस हे सगळं बोटांवर मोजतो. पदवीच्या वर्गात तेच कागदावर मोजायला शिकवतात, म्हणजे दुसऱ्यालाही ते वाचता येतं, तपासता येतं आणि बँकेपुढे ठेवता येतं.

४. वर्गात काय शिकवतात

कला व्यवस्थापन विद्यापीठात आलं ते १९६० च्या दशकात, अमेरिकेत, येलसारख्या ठिकाणी पदव्युत्तर पातळीवर. पदवीचे अभ्यासक्रम मागाहून आले. त्यांची घडण साधारण अशी असते: एखाद्या कलेचा इतिहास आणि आस्वाद, जमाखर्च, निधी उभारणी, प्रेक्षकांचा अभ्यास, कायदा, सांस्कृतिक धोरण आणि प्रत्यक्ष काम. टोरोंटो विद्यापीठाच्या स्कारबरो आवारातल्या पदवीचा एक मार्ग असा आहे की विद्यार्थी मध्येच काही सत्रं वर्ग सोडून संस्थांमध्ये पगारावर काम करतात आणि परत येऊन उरलेलं शिकतात. माझ्या मते ही रचना सर्वांत शहाणपणाची. पहिल्याच वर्षी ऐकलेला 'ताळेबंद' आणि एका संस्थेचा ताळेबंद जुळवून दमल्यावर पुन्हा ऐकलेला 'ताळेबंद' यांत फार फरक पडतो.

या यादीत लोक ज्याला सर्वांत कंटाळवाणं समजतात, त्या कायद्याकडे जरा थांबून पाहू. एकांकिका करणाऱ्या मुलांना नेमका तोच शिकवलेला नसतो.

नाटकाचा स्वामित्वहक्क भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले. 'एकच प्याला'ची संहिता आज कोणीही परवानगीशिवाय करू शकतो. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. त्यांच्या नाटकांसाठी २०६० अखेरपर्यंत परवानगी लागणार. विजय तेंडुलकर २००८ मध्ये गेले, म्हणून २०६८ अखेरपर्यंत. मूळ संहिता मुक्त असली तरी तिच्या नव्या रूपांतराचा, नव्या संगीताचा हक्क ते करणाऱ्याचा असतो. एवढं चार ओळींचं ज्ञान नसल्यामुळे महोत्सव ऐन वेळी अडचणीत येतात.

नोंदणीचंही तसंच. नाट्यसंस्था सोसायटी म्हणून काढायची, सार्वजनिक न्यास म्हणून, की कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली विना-नफा कंपनी म्हणून? देणगीदाराला करसवलत द्यायची तर ८०जी चं प्रमाणपत्र लागतं. मोठ्या कंपन्यांना, उदाहरणार्थ वर्षाला ५ कोटी किंवा त्याहून अधिक निव्वळ नफा असणाऱ्यांना, सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आणि कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचा विकास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे दशावतारी मंडळी किंवा लोककलेचं एखादं प्रशिक्षण केंद्र हा निधी मागू शकतं. मागणारा प्रस्ताव लिहू शकत नाही, म्हणून तो पैसा दुसरीकडे जातो. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहितेला ती तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'चे प्रयोग सुरू झाले, मंडळाशी झगडा झाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. निकाल नाटकाच्या बाजूने लागला. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी त्या काळाची हकिकत 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. नट सांभाळणं, वकील गाठणं, पैसा जमवणं, विरोधकांशी बोलणं हे सगळं एकाच वेळी कसं करावं लागतं हे समजून घ्यायला मराठीत याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला माहीत नाही.

५. 'घाशीराम'वाल्यांकडे कुठे पदवी होती?

हा आक्षेप येतोच, आणि यायला हवा. 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये रंगमंचावर आलं, वाद झाला, मूळ संस्थेने प्रयोग थांबवले, तेव्हा त्या मंडळींनी पुण्यात थिएटर अकॅडमी काढली आणि १९८० मध्ये ते नाटक युरोपात नेलं. एवढा मोठा ताफा परदेशी नेणं हे व्यवस्थापनाचं मोठं काम. ते करणारे कोण होते? जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. कला व्यवस्थापन यांपैकी कोणीही वर्गात शिकलं नव्हतं.

त्यांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही. पण ही माणसं जगत होती ती आपापल्या व्यवसायावर. नाटकाला त्यांनी वेळ दिला, नाटकाने त्यांना पगार दिला नाही. बॉमॉल-बोवेनचा खड्डा त्यांनी स्वतःच्या विनामोबदला श्रमाने भरला. मुंबई-पुण्याच्या आजच्या भाड्यात, रोज दोन तास प्रवास करणाऱ्या पिढीने तसंच करावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. शिवाय त्याच थिएटर अकॅडमीने पुढे १९८० च्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककारांसाठी आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या नाट्यगटांसाठी योजना राबवल्या. म्हणजे नुसत्या उत्साहाने भागत नाही, रीतसर योजना आणि निधी लागतो, हे त्यांनीच ओळखलं होतं.

दुसऱ्या बाजूला बालगंधर्व आहेत. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. गाणं असं की लोक वेडे व्हायचे. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शबरोबर 'संयुक्त मानापमान' झालं, ती मराठी रंगभूमीवरची दंतकथाच. तरीही कंपनी कर्जात बुडाली आणि ते फेडण्यात बालगंधर्वांच्या उमेदीची कित्येक वर्षं गेली. शालू, गालिचे, अत्तरं यांवर होणारा खर्च आणि तिकिटांतून येणारा पैसा यांचा मेळ बसवून देणारा आणि ज्याचं ऐकलं जाईल असा माणूस तिथे असता, तर ती वर्षं गाण्याला मिळाली असती.

६. बारावीनंतरच घ्यावी का?

इथे माझं मत स्पष्ट आहे. फक्त 'कला व्यवस्थापन' एवढंच शिकवणारी, हातात कुठलीही कला न देणारी पदवी अठराव्या वर्षी घेऊ नये. ज्याने तालमीत महिनोन्महिने बसून नाटक बिघडताना आणि सावरताना पाहिलं नाही, त्याला नटाच्या नाईटचा आकडा हा नुसता खर्च वाटतो. एक कला आणि तिचा कारभार जोडीने शिकवणारी पदवी मात्र मोलाची.

भारतात बारावीनंतर नेमक्या या नावाची पदवी फार थोड्या ठिकाणी मिळते. पण जोडी जमवता येते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवीत मुख्य विषयाबरोबर दुसरा गौण विषय घेता येतो आणि प्रत्यक्ष कामाला श्रेयांक मिळतात. अर्थशास्त्र किंवा वाणिज्य मुख्य, आणि सोबत नाट्य वा संगीत, किंवा उलट. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात १९८७ पासून नृत्य, नाट्य, संगीत शिकवलं जातं. तिथे कला शिकून जमाखर्च बाहेर शिकणंही चालेल. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, इंडिया थिएटर फोरम आणि मुंबईची जुनून या संस्थांनी 'स्मार्ट' नावाने नाट्यगटांसाठी व्यवस्थापनाचं प्रशिक्षण सुरू केलं, ते पदवीनंतर उपयोगी पडतं.

काम कुठे मिळतं? नाट्यनिर्मिती संस्था, एनसीपीएसारखी कलाकेंद्रं, संग्रहालयं, कलादालनं, गोव्यातल्या सेरेंडिपिटी किंवा कोचीच्या बिएनालेसारखे महोत्सव, कंपन्यांचे सामाजिक निधी विभाग. सुरुवातीचा पगार अभियंत्याच्या पगाराशी ताडून पाहू नये, निराशा होईल. घरच्यांशी हे आधीच बोलून घ्यावं.

कुठेही प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. विद्यार्थी किती महिने आणि कोणत्या संस्थांत प्रत्यक्ष काम करतात? शिकवणाऱ्यांपैकी कोणी स्वतः प्रयोग, प्रदर्शन किंवा महोत्सव चालवला आहे का? आणि मागच्या तुकडीतल्या मुलांशी बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर फॉर्म परत घ्या.

एक मागणी विद्यापीठांकडेही आहे. हा विषय मराठीतून शिकवायचा तर उदाहरणं इथली लागतील, आणि ती छापील पुस्तकांत नाहीत. ती आहेत जुन्या नाट्यव्यवस्थापकांच्या, फडमालकांच्या, संगीत मंडळांच्या चिटणिसांच्या हिशेबवह्यांत: कोणत्या गावी किती गल्ला झाला, कोणाला किती नाईट दिली, कोणती तारीख का बुडाली. घर बदलताना, आवराआवर करताना या वह्या रद्दीत जातात. तुमच्या घरात अशी एखादी वही असेल तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. जवळच्या विद्यापीठाच्या नाट्य किंवा संगीत विभागाला फोन करा आणि त्यांच्या स्वाधीन करा.